भुरीला डाऊनीचं औषध

आमच्या नान्नज पट्ट्याला द्राक्ष नवं नाही. सोनाका वाण नानासाहेब काळ्यांनी इथंच निवडून काढला. अशा भागात औषधाचं दुकान थाटून बसलेल्या माणसाला भुरी आणि डाऊनी वेगळी ओळखता येऊ नये, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

ऑक्टोबर छाटणीची बाग, मणी ज्वारीएवढे. पाऊस नाही, पण ढगाळ आणि गार हवा. आतल्या पानांवर पांढरट ठिपके दिसले तशी पानं तोडून दुकानात नेली. मालक फोनवर बोलत होता. पान हातात न घेताच म्हणाला, "डाऊनी आहे काका, आजच मारा." डायमेथोमॉर्फ आणि मॅन्कोझेब काढून दिलं, उधारीच्या वहीत मांडलं. मी मोजून डोस घेतला, वेळेत ब्लोअर फिरवला. पांढरं वाढतच गेलं, घडावर आलं. पुन्हा गेलो तर म्हणे तुमच्या पाण्याचा पीएच बिघडलाय, गडी नीट मारत नसेल. आणि तेच औषध पुन्हा हातात दिलं.

शेवटी शेजारचे तात्या बांधावरून आत आले. घडाखाली बसून त्यांनी एका मण्यावरून अंगठा फिरवला. पीठ अंगठ्याला आलं, मण्यावर तपकिरी जाळी उरली. मग पान उन्हाकडे धरून म्हणाले, "यात तेलकट डाग कुठाय? ही भुरी आहे बाबा. तू तिला नुसतं पाणी पाजत बसलायस." माझे हातपाय गळाले.

डाऊनीचा पिवळसर तेलकट डाग पानाच्या वर दिसतो आणि पांढरी बुरशी त्याच्या बरोबर खाली, पानाच्या मागं येते. तिला पान ओलं लागतं. भुरी पानाच्या दोन्ही बाजूंनी पसरते, बोटानं पुसली जाते, आणि तिला पावसाची गरजच नाही. दाट सावलीतल्या, हवा न खेळणाऱ्या फुटीत ती माजते. दोन्ही बुरश्यांची कुळंच निराळी. डायमेथोमॉर्फ भुरीला काहीच करत नाही. हे विकणाऱ्याला माहीत नको?

भुरीवर गंधक हे सगळ्यात जुनं औषध, युरोपातले बागायतदार एकोणिसाव्या शतकापासून वापरतात. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही सकाळी किंवा संध्याकाळी. पारा ३५च्या पुढं असताना मारलं तर पानं भाजतात. तेलकट फवारणीच्या मागंपुढं तर मुळीच नको. हेक्झाकोनॅझोलसारखी औषधं चालतात, पण एकाच गटातलं लागोपाठ मारलं की बुरशी त्याला सरावते. त्याआधी फेलफुटी, बगलफुटी काढा. घडापर्यंत ऊन-वारा पोचला नाही तर औषधही पोचत नाही. फुलोऱ्यापासून मणी बारीक असेपर्यंत घडाला सगळ्यात जास्त धोका. मण्यात पाणी उतरल्यावर नवी लागण फारशी होत नाही, पण जुनी जाळी पडलेला मणी फुगताना तडकतो. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, ते लेबलावर वाचा. बाग रोज फिरून बघा, हे तर सगळेच सांगतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानानुसारचा सल्लाही वाचत जा.

दुकानात जाल तेव्हा पान उलटसुलट करून बघायला लावा, आणि पक्क्या बिलावर औषधाच्या नावाशेजारी रोगाचं नाव लिहून घ्या. मी नंतर तसं मागितलं, तर त्यानं विषयच बदलला.

माझे घड तडकले. बाजारात न्यायच्या लायकीचे उरले नाहीत, निवडून निवडून थोडा बेदाणा झाला, तोही हलक्या भावात गेला. आता उधारीसाठी त्याचे फोन येतात. पहिल्या फवारणीचे पैसे मी चुकते केलेत. दुसऱ्या फवारणीचे देणार नाही, हे त्याला चार माणसांसमोर सांगून आलोय.