निर्णयाची प्रतीक्षा आणि तिचे गणित

रायपूरच्या समता कॉलोनीतील एखाद्या संशोधकाची शिष्यवृत्ती संपादकाच्या निर्णयावर अवलंबून आहे, असे समजू. छापील शोधनिबंधांवरील 'प्राप्त' व 'स्वीकृत' दिनांकांची सरासरी त्याला फसवील. नाकारलेले व अद्याप पडून असलेले निबंध तीत नसतात. खरा हिशेब संपादकाच्या आवकवहीवरूनच मांडावा लागतो. निर्णयाविना राहिलेला निबंधही निदान ६० दिवस थांबला, एवढे सांगतोच. निर्णयाच्या प्रत्येक दिवशी, तोवर थांबलेल्यांपैकी किती अंश उरला ते पाहावे आणि हे अंश क्रमाने गुणीत जावे. गुणाकार म्हणजे त्याहून अधिक काळ थांबावे लागण्याची संभाव्यता. ही रीत कॅप्लान व मायर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. मौज अशी, की दोघांनी एकाच नियतकालिकाकडे स्वतंत्र निबंध धाडले होते. संपादकाच्या सूचनेवरून त्यांचा एक निबंध होईपर्यंत ४ वर्षे लोटली.