केस जातात तेव्हा मन का दुखते?

केस गळणे जिवावरचे दुखणे नव्हे, म्हणून समाज त्याची चेष्टा करतो. परंतु ज्याचे केस जातात त्याला आरसा नकोसा होतो, चारचौघांत बसणे जड जाते. या दुःखाचा येथे थोडक्यात अभ्यास करू.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आदी गावांत लहानथोरांच्या डोक्याला खाज सुटली, केस हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडले. प्रथम पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे लक्ष वेधले. अनेकांचे केस महिना-दीड महिन्यात परत येऊ लागले. पण तोवर मुले शाळेत जायला लाजत होती, सोयरिकी अडत होत्या. केस उगवले तरी ही जखम लवकर भरत नाही.

आता तुलना पाहा. श्रामणेर शिबिरात आपली मुले आनंदाने मुंडन करतात; तेथे अपमान नसतो, कारण तो स्वतःचा निर्णय असतो. उलट विधवांचे केशवपन जबरीचे होते. म्हणूनच सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्यासाठी संप केला. यावरून दिसते की, दुःखाचे मूळ केवळ केसांत नाही. मर्जीविरुद्ध हिरावले जाण्यात आणि लोकांच्या नजरेत आहे.

नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांसाठी तीन गोष्टी सांगतो :

१) टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा परत येतात.

२) चाई किड्यामुळे होत नाही, स्पर्शाने पसरत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. अंगारा-धुपारा न करता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जावे.

३) कॅन्सरच्या औषधांनी गेलेले केस उपचार संपल्यावर बहुतेकांना पुन्हा येतात. अशा भगिनीला "केसांचे काय एवढे?" असे म्हणू नये. तिचे ऐकून घ्यावे.

विद्यार्थ्यांनो, वर्गात कोणी टोपी घालून आला तर ती ओढू नका. त्याच्या शेजारी बसा. करुणा शिकण्यासाठी याहून सोपा धडा नाही, असे आम्हांस वाटते.