तरणतलाव : गॅसकडून सौरविजेकडे

प्रश्न : बदलापूरजवळच्या चामटोलीसारख्या ठिकाणी तरणतलावाचे पाणी गॅसऐवजी सौरविजेवर तापवता येते का?

उत्तर : येते, त्यासाठी हीट पंप लागतो. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे १ युनिट विजेत ४ ते ५ युनिट उष्णता मिळते. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचे काम साधारण ५० युनिटांत भागते. साधा विजेचा हीटर मात्र बसवू नये. पाण्याआधी बिल तापते.

बदलापूर पट्ट्यात गरज मुख्यतः डिसेंबर-जानेवारीतली, आणि तेव्हा आकाश निरभ्र असते. छतावरचे १ किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सुमारे ४ युनिट देते. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या नेट मीटरिंगमधून बिलात वळती होते. उष्णता सर्वाधिक जाते ती बाष्पीभवनातून. म्हणून पंपाच्याही आधी तलावावर रात्री पसरायचे आच्छादन विकत घ्यावे.