मांजराचा उपवास

घरातील मांजर गवताची पाती खाते, थोड्या वेळाने ओकते आणि पुन्हा उन्हात जाऊन निवांत झोपते. हे दृश्य मांजर पाळणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेले असते. त्यावरून 'मांजराच्या ओकारीत विशेष काही नाही. उपाशी राहिले की पोट आपोआप ताळ्यावर येईल,' अशी समजूत करून घेतली जाते. या समजुतीचा पूर्वार्ध काही अंशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र घातक आहे.

प्रथम पूर्वार्ध पाहू. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले कठीण काटे असतात. अंग चाटताना सुटलेले केस त्यांत अडकतात आणि गिळले जातात. पुष्कळसे केस विष्ठेवाटे निघून जातात. उरलेल्यांचा जठरात गोळा होतो व तो कधीमधी ओकून पडतो. अशी ओकारी क्वचित झाली आणि मांजर लगेच खाऊखेळू लागले, तर चिंतेचे कारण नसते. दूध पिल्यानंतर होणारी हगवणही पुष्कळदा आजारामुळे नसते. पिल्लू मोठे झाले की दुग्धशर्करा पचविण्याची त्याची शक्ती ओसरते. अशा मांजराला दुधाऐवजी स्वच्छ पाणी द्यावे.

आता उत्तरार्ध. निरोगी माणसाला एक दिवसाचा उपवास सहसा बाधत नाही. मांजराचे तसे नाही. ते निखळ मांसाहारी असून त्याचे यकृत प्रथिनांपासून ऊर्जा मिळविण्याचे काम अखंड चालू ठेवते. अन्न थांबले म्हणजे शरीरात साठलेला मेद यकृताकडे येऊ लागतो. इतका मेद हाताळणे यकृताला जमत नाही व तो त्याच्या पेशींतच साचतो. काही दिवसांत कावीळ दिसू लागते आणि भूक अधिकच मरते. लठ्ठ मांजरांना हा धोका विशेष असतो. अशा रीतीने मूळचे दुखणे साधे असले, तरी उपवासामुळे त्यावर दुसरे प्राणघातक दुखणे लादले जाते. म्हणून प्रौढ मांजराने 24 तास अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. पिल्लाच्या बाबतीत इतकेही थांबू नये.

काही लक्षणे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे : वारंवार ओकारी, ओकारीत किंवा विष्ठेत रक्त, डांबरासारखी काळी विष्ठा, फुगलेले, दुखरे पोट, निपचित पडणे. लस न टोचलेल्या पिल्लाला ओकारी व हगवण एकदम सुरू झाली, तर जीवघेण्या विषाणुरोगाची शंका घ्यावी. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असल्यास तो कधीही ओढू नये. त्याने आतडे कापले जाण्याची भीती असते. बोका पुनःपुन्हा बसून कुंथत असेल, तर तो मलावरोधच आहे असे मानू नये. त्याची लघवी अडलेली असू शकते, आणि तसे असल्यास प्रत्येक तास मोलाचा असतो. घरातील माणसांची औषधे मांजराला देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते.

मांजर आपले दुखणे लपविते; ते सहसा विव्हळत नाही, कोपऱ्यात जाऊन बसते. म्हणून त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या ताटलीकडे लक्ष द्यावे. शेवटचे अन्न केव्हा घेतले, ओकारी किती वेळा झाली, विष्ठा कशी होती, एवढे टिपून ठेवले तरी निदानाला मोठे साहाय्य होते. जे मुक्या प्राण्याला सांगता येत नाही, ते त्याच्या वतीने आपणच सांगावयाचे असते.