जुनी तबकडी आणि नवी तबकडी

आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या कपाटांशेजारीं एक लहानसें कपाट आहे. त्यांत पुस्तकें नसून बोलपटांच्या तबकड्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनीं वेळोवेळीं भेट दिलेल्या या तबकड्या बहुतेक डीव्हीडी या जातीच्या असून, शनिवारीं दुपारीं सभागृहांतील पडद्यावर त्यांपैकीं एखादी दाखविण्याचा प्रघात आहे. गेल्या वर्षीं तबकड्या चालविण्याचें आमचें यंत्र बिघडलें. तेव्हां असा प्रश्न निघाला कीं, नवें यंत्र घ्यावयाचेंच तर तें ब्लू-रे या नव्या जातीचें घेऊन, जुन्या तबकड्या मोडींत काढून, त्याच बोलपटांच्या नव्या व अधिक रेखीव तबकड्या विकत घ्याव्या काय? पालकसभेंत यावर बराच वाद झाला. एका पालकांचें म्हणणें असें कीं, नव्या तबकडीवरील चित्र एकदां पाहिलें म्हणजे जुन्याकडे पाहवत नाहीं. दुसऱ्यांचें म्हणणें असें कीं, हल्लींचीं यंत्रें जुनेंच चित्र वाढवून इतकें सुबक दाखवितात कीं फरक ओळखूं येत नाहीं. मग वर्गणीचा पैसा त्यांत कां घालावा? दोघेही गृहस्थ आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें सांगत होते आणि दोघेही खोटें बोलणारे नव्हते. असा वाद आवाज चढवून मिटत नाहीं. म्हणून विज्ञानमंडळाच्या मुलांस बरोबर घेऊन आम्हीं तो प्रयोगशाळेंत नेला.

प्रथम या दोन तबकड्यांत भरलेलें असतें तरी काय, तें पाहूं. डीव्हीडी १९९६ सालीं जपानांत विक्रीस आली. ब्लू-रे २००६ सालीं. दोहोंचा व्यास एकच, १२ सेंटिमीटर. डीव्हीडी वाचणारा किरण तांबडा असून त्याच्या लहरीची लांबी ६५० नॅनोमीटर असते; ब्लू-रेचा किरण निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरांचा. जितकी लहर आंखूड तितका किरण लहान ठिपक्यावर एकवटतां येतो, आणि तितकेच खळगे लहान व त्यांच्या रांगा दाट ठेवतां येतात. डीव्हीडीवर दोन रांगांमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटर असतें, ब्लू-रेवर ०.३२. टांक बारीक झाला म्हणजे त्याच पाटीवर अधिक मजकूर मावतो, तसेंच हें आहे. दुहेरी थराच्या डीव्हीडींत ८.५ गिगाबाइट मजकूर मावतो, तर तशाच ब्लू-रेंत ५०.

या जागेमुळें चित्राचें सूत अधिक बारीक काढतां येतें. डीव्हीडीवरील चित्राच्या अमेरिकी पद्धतींत ४८० ओळी असतात, यूरोपी पद्धतींत ५७६. प्रत्येक ओळींत ठिपके ७२०. ब्लू-रेच्या चित्रांत १०८० ओळी व प्रत्येक ओळींत १९२० ठिपके. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा: एका बाजूस ३,४५,६००, दुसऱ्या बाजूस २०,७३,६००, म्हणजे बरोबर सहापट.

आतां चित्र वाढविण्याविषयीं. सभागृहांतील प्रोजेक्टर १०८० ओळींचा आहे. बहुतेक घरांतील टीव्हीचे पडदेही निदान तितक्या ओळींचे असतात. अशा पडद्यावर ४८० ओळींचें चित्र पूर्ण भरून दाखवावयाचें म्हणजे मधल्या ओळी कोणीतरी निर्माण केल्याच पाहिजेत. हें काम तबकडीच्या यंत्रानें केलें नाहीं तर टीव्ही करतो. म्हणून ‘आमचें यंत्र चित्र वाढवितें’ असें दुकानदार मोठ्या अभिमानानें सांगूं लागला, तर पालकांनीं फार भारून जाऊं नये. तें कोठें ना कोठें घडतच असतें.

हें वाढविणें होतें तरी कसें? भूगोलाच्या तासाला लहान नकाशावर चौकटी आंखून, मोठ्या कागदावर मोठ्या चौकटी पाडून, नकाशा वाढविण्याचा सराव आमच्या मुलांना आहे. हात चांगला असला तर मोठा नकाशा मुळापेक्षांही देखणा होतो. परंतु लहान नकाशांत जें खेडें दाखविलेलें नाहीं तें मोठ्या नकाशांत कोठून यावें? यंत्राचेंही असेंच आहे. एक ठिपका काळा, शेजारचा पांढरा. त्यांच्यामध्यें नवा ठिपका घालावयाचा तर साधें यंत्र दोहोंची सरासरी काढून तो करडा घालतें. त्यामुळें कडा मऊ पडतात. चांगलें यंत्र कड कोणत्या दिशेनें गेली आहे हें पाहून ती सरळ ठेवतें. अगदीं अलीकडच्या यंत्रांना तर असंख्य चित्रें दाखवून शिकविलेलें असतें. तीं धूसर केसांच्या जागीं केस रेखाटतात व धूसर विटांच्या जागीं विटा. तें दिसतें छान. मात्र ते केस त्या नटाचे नव्हेत, यंत्राच्या अटकळीचे. पाटीवरचें न वाचतां येणारें अक्षर अशा यंत्रानें ठळक केलें तर तें बरोबरच असेल अशी हमी कोणी देऊं नये.

तर मग नवी तबकडी श्रेष्ठ ठरली, वाद मिटला, असें कोणी म्हणेल. पण तबकडींत जें आहे तें सर्व डोळ्यापर्यंत पोहोंचतें काय? डोळे तपासणारे डॉक्टर भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगतात. तो हॉलंडमधील स्नेलन या नेत्रवैद्यानें १८६२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत ज्या ओळीवर दृष्टि चांगली ठरते, तेथील अक्षराच्या रेघेची जाडी डोळ्याशीं एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन करते. यापेक्षां बारीक भेद सामान्य चांगल्या डोळ्यास वेगळा दिसत नाहीं. एक कला म्हणजे अंतराचा सुमारे ३४३८ वा भाग; १० फुटांवरून पाहतां तो एक मिलिमीटरही भरत नाहीं. यावरून एक सोपा हिशेब निघतो. १०८० ओळींपैकीं प्रत्येक ओळ वेगळी दिसण्यास पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतराच्या आंत बसावें लागतें. ५७६ ओळींस हें अंतर उंचीच्या सहापट येतें, ४८० ओळींस सुमारे सातपट. म्हणजे सातपटींहून दूर बसणाऱ्यास ४८० ओळीही वेगळ्या दिसत नाहींत. त्याच्यापुढें १०८० ठेवल्यानें काय साधणार? ४० इंची टीव्हीची उंची सुमारे २० इंच असते. त्याच्यापासून ५ फुटांवर बसणारा मुलगा नव्या तबकडीचा पुरा लाभ घेतो. १२ फुटांवर आरामखुर्चींत बसलेल्या त्याच्या वडिलांना तो जवळजवळ मिळत नाहीं. पालकसभेंतील ते दोन गृहस्थ आपापल्या घरीं कोठें बसतात हें आम्हीं विचारून घ्यावयास हवें होतें.

प्रयोगासाठीं आम्हीं ‘पथेर पांचाली’ निवडला. सत्यजित राय यांचा हा बोलपट १९५५ चा. १९९३ सालीं लंडनमध्यें एका प्रयोगशाळेस लागलेल्या आगींत त्याची मूळ फिल्म भाजून निघाली. पुढें इटलींतील बोलोन्या येथील कारागिरांच्या परिश्रमानें तिचा जीर्णोद्धार होऊन तो २०१५ सालीं पुन्हां प्रकाशांत आला. त्याच जीर्णोद्धारावरून काढलेल्या दोन्ही जातींच्या तबकड्या मिळतात, हें महत्त्वाचें. कारण पुष्कळदां लोक खराब प्रतीवरून काढलेली जुनी डीव्हीडी आणि स्वच्छ प्रतीवरून काढलेली नवी ब्लू-रे यांची तुलना करतात, आणि धुतलेल्या कपड्याचें श्रेय कपाटास देतात. शिवाय हा बोलपट कृष्णधवल असल्यानें रंगांचा घोळ नाहीं; आणि अपू व दुर्गा काशाच्या फुलांतून आगगाडी पाहण्यास जातात त्या दृश्यांत गवताचें पातें न् पातें मोजून घ्यावें असें आहे.

आमचा पडदा ५ फूट उंचीचा. पुढचें बांक १२ फुटांवर, शेवटचें ४५ फुटांवर. आणलेली डीव्हीडी ४८० ओळींची. दोन्ही तबकड्या एकाच उसन्या यंत्रावर लावल्या. बदलतांना प्रोजेक्टरपुढें पुठ्ठा धरला, आणि कोणती आधीं लावावयाची तें नाणें उडवून ठरविलें. प्रत्येकानें चिठ्ठीवर ‘पहिली’ किंवा ‘दुसरी’ एवढेंच लिहावयाचें. पुढच्या बांकांवरील जवळजवळ सर्व मुलांनीं बरोबर ओळखलें. मधल्या बांकांवर मतें फुटलीं. शेवटच्या दोन बांकांवरील उत्तरें नाणेफेकीपेक्षां बरीं नव्हतीं. तेथें आमच्यापैकीं जे शिक्षक बसले होते त्यांनीं तर मोठ्या आत्मविश्वासानें दोनदां चूक उत्तर दिलें. एक गोष्ट मात्र हिशेबाच्या थोडी पलीकडची दिसली. पावसाच्या दृश्यांत डीव्हीडीवर कोठें कोठें पाण्याच्या जागीं चौकोनी डाग उठत, ते मधल्या बांकांवरूनही कांहीं मुलांच्या ध्यानांत आले. याचें कारण ओळींची संख्या नव्हे. डीव्हीडीवर चित्राचा मजकूर सेकंदाला फार तर ९.८ मेगाबिट इतकाच वाहतो, ब्लू-रेवर ४० पर्यंत; आणि पाऊस, धूर, हलतें गवत यांना मजकूर फार लागतो.

पुढच्या बांकावरील एका मुलानें प्रत्येक वेळीं ‘दोन्ही सारखींच’ असें लिहिलें. आम्हीं त्यास निष्काळजी ठरवून चार शब्द सुनावलेही. दुसऱ्या दिवशीं सहज तक्त्यापुढें उभा केला, तों वरच्या तीन ओळींखालीं त्यास कांहींच वाचतां येईना. वर्गांत फळ्यावरचें तो इतके दिवस शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेत होता, आणि आळशी म्हणून बोलणीं खात होता. त्याच्या वडिलांना बोलावून आम्हीं त्यांची व मुलाची क्षमा मागितली. आठ दिवसांत त्यास चष्मा लागला.

आतां तिसरी गोष्ट. मूळ चित्रणांतच जें नाहीं तें कोणत्याही तबकडींत येत नाहीं. पस्तीस मिलिमीटर फिल्मवर काळजीपूर्वक घेतलेल्या चित्रांत १०८० ओळींना पुरून उरेल इतका तपशील असूं शकतो. म्हणून ऐंशी वर्षांपूर्वींचाही बोलपट नव्या तबकडीवर टवटवीत दिसतो. उलट ‘२८ डेज लेटर’ हा २००२ चा इंग्रजी बोलपट बहुतांशीं साध्या हातकॅमेऱ्यानें टेपवर घेतलेला आहे. त्याची ब्लू-रे घेऊन फारसें हातीं लागत नाहीं. ‘स्टार ट्रेक’ची १९८७ ते १९९४ या काळांतील मालिका फिल्मवर चित्रित झाली, परंतु जोडकाम टेपवर झालें, आणि ती त्या टेपेच्याच रूपानें लोकांनीं पाहिली. ब्लू-रेसाठीं ती टेप वाढवून भागण्यासारखें नव्हतें. मूळ फिल्म शोधून सर्व जोडकाम पुन्हां करावें लागलें. याउलट २०१० सालीं निघालेल्या ‘प्रेडेटर’च्या ब्लू-रेंत फिल्मचे दाणे पुसण्याच्या नादांत नटांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत झाले, व रसिकांनीं त्यावर सडकून टीका केली. ओळी १०८०, तपशील मात्र पुसलेला.

२०१६ पासून मिळूं लागलेल्या २१६० ओळींच्या तबकडीबद्दल कांहीं मुलांनीं विचारलें. वरील हिशेबानें तिच्या ओळींचा पूर्ण लाभ पडद्याच्या उंचीच्या दीडपट अंतराच्या आंत मिळतो. आमच्या सभागृहांत तें आठ फूट होतें, आणि तेथें एकही बांक नाहीं.

शेवटीं ठरलें तें असें. ब्लू-रेचें यंत्र घेतलें, कारण त्यावर डीव्हीडीही चालते. जुनें कपाट तसेंच राहिलें. नव्या तबकड्या यंदा सहाच घेतल्या, त्याही फिल्मवर चित्रित होऊन चांगला जीर्णोद्धार झालेल्या बोलपटांच्या. उरलेली वर्गणी शाळेंतील सर्व मुलांचे डोळे तपासण्याच्या कामीं लावण्यास पालकांनीं संमति दिली. सभागृहांत पडद्यापासून १६ फुटांवर व ३६ फुटांवर विज्ञानमंडळाच्या मुलांनीं जमिनीवर खडूच्या दोन रेघा ओढल्या आहेत. पहिल्या रेघेच्या आंत शनिवारीं जागा मिळविण्यासाठीं आतां अर्धा तास आधींपासून गर्दी होते.