तेलाच्या परतीची वाट

डिझेलच्या गाडीमागे निळसर धूर दिसू लागला, की आपल्याकडील बहुतेक गॅरेजांत तिचा निकाल तत्काळ लागतो : ‘टर्बो गेला.’ या निकालावर अपील नसते. आणि ज्याच्या खिशातून दंड वसूल व्हावयाचा त्या गाडीमालकाला, पुरावा कोणता दाखल झाला, हे विचारण्याचीही फारशी मुभा नसते. आमच्या जीपच्या बाबतीत हा निकाल लागला, टर्बो बदलण्यात आला, त्याची भक्कम रक्कम मी चुकती केली, आणि अल्पावधीतच चौकात उभ्या असलेल्या गाडीमागे पुन्हा तोच निळा धूर व तोच जळक्या तेलाचा दर्प. गॅरेजवाल्यांनी मोठ्या औदार्याने आणखी एक टर्बो बसवून देण्याची तजवीज सुचवली. मजुरी आणि तेल तेवढे माझ्याकडे! नवाकोरा भाग इतक्या लवकर जुन्याचीच खोड दाखवू लागतो, तेव्हा कसूर त्याचा की त्याच्या शेजाऱ्याचा, याची तहकीकात करण्याचे मात्र तेथे कोणाच्या मनात आले नाही.

टर्बोची रचना एकदा समजली, म्हणजे ही तहकीकात कोठे करावयाची ते आपोआप कळते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले ती मूळ कल्पना एवढीच. परंतु लहान गाड्यांतील हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि बहुतेक टर्बोंत तो ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तेथे छर्रे नसून तेलाचा केवळ एक पातळ थर असतो. हे तेल इंजिनाच्या पंपाच्या दाबाने एका बारीक नळीतून वर येते, दांड्याभोवती घुसळले जाऊन तापते, त्यात हवा मिसळून त्याचा फेस होतो, आणि मग ते खालच्या जाड नळीने इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरात परत जाते. या परतीच्या प्रवासात त्याला ढकलणारा पंप नाही, दाब नाही. गुरुत्वाकर्षण हाच काय तो आधार. न्हाणीघरातल्या मोरीचा उतार चुकला म्हणजे नळाला कितीही जोराचे पाणी असले तरी ते पायाशीच तुंबते, तसा हा प्रकार आहे.

तेल तुंबले तर ते सीलने अडवावे, अशी आपली अपेक्षा असते. वस्तुतः टर्बोतील सील म्हणजे पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात. त्यांच्या दोन्ही अंगांच्या दाबाचा मेळ असेतो त्या आपले काम चोख करतात, परंतु मधली पोकळी तेलाने भरली, की उभ्या तेलाला अडवण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नसते. मग ते तेल धुराच्या बाजूस उतरून जळते, किंवा हवेच्या बाजूस उतरून इंटरकूलरच्या होजमध्ये साचते, आणि पाहणारा म्हणतो, टर्बोचा सील फुटला.

आमच्या गाडीचा उलगडा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वृद्ध मिस्त्रींनी केला. त्यांनी परतीची नळी उतरवली, चेंबराच्या भोकाला बूच मारले, टर्बोतून उतरणारे तेल थेट एका डब्यात सोडले आणि इंजिन मंद गतीवर चालू ठेवले. सायलेन्सरात आधीच साचलेले तेल जळून जाईपर्यंत धूर येत राहिला. नंतर विरळ होत होत तो थांबला. “साहेब, टर्बो धड आहे. तेलाला उतरायला वाट नाही,” एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी ती नळी ब्लेडने उभी चिरून माझ्या हातात दिली. मूळ पत्र्याच्या नळीऐवजी पहिल्या गॅरेजने तेथे रेडिएटरच्या पाण्याचा रबरी होज जोडला होता. पाण्यासाठी केलेले ते रबर तापलेल्या तेलात आतल्या अंगाने फुगले होते, इतके की त्याच्या पोकळीतून पेन्सिलसुद्धा धड सरकेना. शिवाय होज गरजेहून लांब असल्यामुळे मध्ये त्याला झोळ पडला होता, आणि त्या झोळात काळा, दाट गाळ बसला होता. पहिल्या गॅरेजच्या बिलात या होजचा उल्लेखही नव्हता, ही गोष्ट मला अजून खटकते.

म्हणून माझे सांगणे असे, की परतीची नळी गाडीसाठी मुळात बनवलेलीच घ्यावी, आणि होज घालणे अटळच असेल तर तो तप्त तेलासाठी बनवलेला आहे याची खातरजमा करावी. नळी टर्बोपासून चेंबरापर्यंत सतत खाली उतरत गेली पाहिजे; आडवी धाव नको, झोळ नको, पिळवटलेले वळण नको, आणि तिचे तोंड चेंबरातील तेलाच्या पातळीच्या वर उघडले पाहिजे. या शेवटच्या कारणास्तव डिपस्टिकवरील वरच्या खुणेपलीकडे तेल भरू नये. जोडावर गॅस्केटच बसवावी. सिलिकॉनची पेस्ट थापू नये, कारण बोल्ट आवळताच ती आत दबून वाटेतच घट्ट होते. गॅस्केटचे भोक नळीच्या भोकाशी जुळते की नाही, हे पाहण्यास क्षणही लागत नाही, तरी तेथे हयगय होते.

नळी निर्दोष असूनही धूर थांबत नसेल, तर ब्रीदर पाहावा. पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा वायू ब्रीदरवाटे बाहेर पडतो. ती वाट चोंदली, किंवा रिंगा झिजून हा वायूच अतोनात वाढला, की चेंबरात दाब साचतो आणि वरून येणाऱ्या तेलाला तो खालूनच थोपवतो. इंजिन चालू असता तेल भरण्याचे झाकण सैल करताच धुराचे जोरदार फुत्कार आले, तर टर्बोपूर्वी तिकडे लक्ष द्यावे. आंबा घाट चढून आलेली गाडी चहाच्या टपरीपुढे थांबताच चावी फिरवण्याचा शिरस्ताही घातक. तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि तो तेलाच्या परतीची वाट बुजवतो. मिनिटभर इंजिन मंद चालू द्यावे.

हवेच्या बाजूने तेल फार शिरले तर डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळू लागते, आणि चावी बंद करूनही थांबत नाही. तेव्हा हा धूर फार दिवस सोसण्याजोगा नव्हे. टर्बो बदलण्याच्या अंदाजपत्रकाला संमती देण्यापूर्वी परतीची नळी आपल्यासमोर उतरवून तिच्यातून आरपार उजेड दाखवा, अशी मागणी वाचकांनी गॅरेजवाल्यांकडे निःसंकोच करावी, आणि ती नाकारली गेली तर गाडी दुसरीकडे न्यावी.