रविवारच्या सभेत माझी जागा



मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे जाऊन आलेले आपल्यापैकी काही जण सांगतात, "फादर, तिकडे एका मिस्साला केवढी माणसे! गायनवृंद तर विचारू नका. आपल्याकडे मात्र मोजकीच बाके भरतात." बोलण्यात कौतुक असते आणि थोडी खंतही असते. आपले चर्च लहान आहे. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी सुरू झाली की माणसे आणखी कमी होतात. मे महिन्यात ऊन तापले की सकाळची मिस्सासुद्धा काहींना जड जाते. नोकरीसाठी बाहेरगावी गेलेली मुले फक्त नाताळात दिसतात.

यातून दोन प्रश्न निर्माण होतात. पहिला आपण बोलून दाखवतो: इतक्या थोड्या लोकांच्या उपासनेला कितीसा अर्थ आहे? दुसरा आपण मनातच ठेवतो: मी एक रविवार आलो नाही, तर काय बिघडते? या रविवारी या दोन्ही प्रश्नांचा एकत्र अभ्यास करू.

१. चर्च म्हणजे कोण?

नव्या करारात 'चर्च' यासाठी 'एक्लेसिया' हा ग्रीक शब्द आला आहे. त्याचा अर्थ बोलावून एकत्र आणलेली सभा. इमारत हा अर्थ नंतर आला. म्हणजे बोलावणारा देव आणि बोलावणे ऐकून जमलेली माणसे, एवढे असले की चर्च आहे. किती माणसे हवीत? संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने फार लहान आकडा सांगितला आहे: त्याच्या नावाने जमलेले दोघे किंवा तिघे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने हाच विचार पुढे नेला. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात शिकवले आहे की, ख्रिस्त मिस्सामध्ये धर्मगुरूच्या ठायी, भाकर व द्राक्षारसाच्या संस्कारात आणि वाचल्या जाणाऱ्या शब्दात उपस्थित असतो. तसाच तो प्रार्थना करणाऱ्या व गाणाऱ्या मंडळीतही असतो. पुढच्या वर्षी, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी आलेल्या चर्चविषयीच्या दस्तऐवजात तर लहान, गरीब आणि दूर दूर विखुरलेल्या मंडळ्यांचा मुद्दाम उल्लेख आहे. अशा मंडळ्यांमध्येही ख्रिस्त हजर असतो, असे परिषद म्हणते. हे वाचताना मला नेहमी वाटते की आपल्या वऱ्हाडाकडे पाहूनच कोणी हे लिहिले असावे.

आपला अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूर धर्मप्रांतातून वेगळा झाला. पहिले महागुरुस्वामी जोसेफ रोझारियो हे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संघाचे होते. त्यांनी चाळीस वर्षे, १९९५ पर्यंत, हा धर्मप्रांत सांभाळला. अमरावती, अकोला ही शहरे, रेल्वेची गावे, मेळघाटातील पाडे आणि मधली लांबच लांब अंतरे, असा हा प्रदेश आहे. इथे ख्रिस्ती मंडळी कधीच मोठी नव्हती. तरीही श्रद्धा टिकली. ती संख्येच्या बळावर टिकली नाही, हे उघड आहे.

२. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा रविवार

इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या संत जस्टिन यांनी बादशहाला उद्देशून एक निवेदन लिहिले. ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात, हे त्यात त्यांनी समजावून सांगितले आहे. शहरातील आणि खेड्यांतील सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जातात. सभेचा प्रमुख बोध करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते. प्रमुख उपकारस्तुती करतो आणि लोक 'आमेन' म्हणतात. आपली आजची मिस्साही याच क्रमाने चालते.

यातील तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली गोष्ट, 'आमेन' लोकांचा आहे. धर्मगुरूची प्रार्थना लोकांच्या होकाराने पूर्ण होते. मोठ्या चर्चमध्ये एकाने ओठ मिटून ठेवले तर कळत नाही. आपल्याकडे दहा जणांनी ओठ मिटले तर 'आमेन' ऐकूच येत नाही.

दुसरी गोष्ट, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत डीकन ख्रिस्तशरीर घेऊन जात. म्हणजे कोण आले नाही, हे त्या मंडळीला माहीत होते. गैरहजर माणूसही सभेचाच भाग होता.

तिसरी गोष्ट, ज्यांना शक्य आहे ते स्वखुशीने दान देत आणि ते दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावाहून आलेल्या लोकांसाठी वापरले जाई. उपासना आणि शेजाऱ्याची काळजी ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामे नव्हती.

ही सभा त्यांना किती मोलाची होती, हे इ. स. ३०४ मध्ये दिसले. डायोक्लेशियन बादशहाने अशा सभांवर बंदी घातली होती. उत्तर आफ्रिकेतील अबितिना या गावी एका घरात रविवारी जमलेले ४९ ख्रिस्ती पकडले गेले. ज्याच्या घरी सभा झाली त्याला विचारले, तू यांना का येऊ दिलेस? तो म्हणाला की ते माझे भाऊ आहेत आणि रविवारच्या या सभेवाचून आम्ही जगूच शकत नाही. एका लहानशा गावातील ती एका घरात मावणारी मंडळी होती.

३. करिंथला दिलेला इशारा

मात्र लहान मंडळी आपोआप चांगली असते असे नाही. करिंथची मंडळीही लहानच होती, बहुधा घरांतूनच जमणारी. संत पौल त्यांना पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात खडसावतात. प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण आपापले जेवण आधीच उरकून घेत. ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. संत पौलांच्या मते हे केवळ वाईट वागणे नाही. अशा वेळी ते जेवण प्रभूचे भोजन उरतच नाही.

आपल्याकडे कोणी कोणाला उपाशी ठेवत नाही. पण आपण सारे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलो आहोत. कोणी पिढ्यान्‌पिढ्या इथले, कोणी बदलीवर आलेले. कोणी घरी मराठी बोलतो, कोणी कोरकू, कोणी मल्याळम, तमिळ किंवा कोकणी. आपण ठरावीक लोकांशेजारी बसतो आणि शांतीची खूणही तेवढ्यांनाच देतो. नवीन कुटुंब तीन रविवार येते आणि कोणी त्यांचे नावही विचारत नाही. एकाच्या शब्दावरून दुसरा रुसतो आणि गायनवृंद सोडतो. मोठ्या चर्चमध्ये अशी भांडणे गर्दीत लपतात. लहान चर्चमध्ये एक अबोला पूर्ण बाक रिकामे करतो.

४. हजेरी आणि उपस्थिती

१९२९ मध्ये कॅथलिक झालेले फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी 'उपस्थिती' या विषयावर बराच विचार केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एखादा माणूस माझ्याच खोलीत, अगदी जवळ बसलेला असतो, तरी तो माझ्यासाठी तिथे नसतो. दुसरा खूप दूर असून माझ्याजवळ असतो. खरा उपस्थित तोच, जो दुसऱ्यासाठी स्वतःला मोकळा ठेवतो.

कोरोनाच्या काळाने हे आपल्याला शिकवले. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली. १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे उघडली, पण २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती शहर पुन्हा बंद झाले. त्या दिवसांत मोबाइलवर मिस्सा पाहता आली, हा मोठा आधार होता. आजारी आणि वृद्धांसाठी तो आजही आहे. पण पडद्यावरच्या मिस्सात आपण शेजाऱ्याला पाहू शकत नाही आणि शेजारी आपल्याला पाहू शकत नाही. तिथे आपली जागा रिकामी राहिली तरी कोणाला जाणवत नाही.

आपल्या चर्चमध्ये ती जाणवते. एका आजींची जागा दोन रविवार रिकामी होती. मागच्या बाकावर बसणाऱ्या बाई मिस्सा संपल्यावर थेट त्यांच्या घरी गेल्या. दारातूनच त्यांनी विचारले, "काऊन आल्या नाही जी?" आजी पडल्या होत्या आणि पाय सुजला होता. घरात दुसरे कोणी नव्हते. त्या दिवसापासून चार घरांनी डब्याची पाळी लावली आणि ख्रिस्तशरीर त्यांच्या घरी पोहोचू लागले. संत जस्टिन यांनी वर्णन केलेला रविवार तो हाच. पण मागच्या बाकावरच्या त्या बाईच त्या दोन रविवारी आल्या नसत्या, तर?

'मी एक रविवार आलो नाही तर काय बिघडते?' या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आपण रविवारी फक्त स्वतःसाठी येत नाही. कोणीतरी आपल्या नजरेत आहे आणि ती नजर देवाने आपल्याकडे सोपवली आहे.

५. या महिन्यासाठी चार गोष्टी

• मिस्सा सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी या आणि पुढची बाके भरा.
• वाचनाची पाळी असल्यास तो उतारा आदल्या रात्री घरी मोठ्याने वाचा.
• शांतीची खूण देताना ज्याचे नाव माहीत नाही अशा एकाकडे वळा, आणि मिस्सानंतर त्याचे नाव विचारा.
• आपल्या आजूबाजूच्या बाकांवर कोण आले नाही ते पाहा, आणि सोमवारपूर्वी फोन करा किंवा जाऊन या.

घरी व वाडीच्या प्रार्थनासभेत चर्चेसाठी

१. मिस्सामधील कोणते उत्तर मी सवयीने देतो आणि कोणते मनापासून?
२. मी कोणाशी बोलत नाही म्हणून कोणी चर्चला येणे टाळत असेल का?
३. आपल्या वाडीत ख्रिस्तशरीर घरी हवे असणारे आजारी किंवा वृद्ध कोण आहेत? त्यांची नावे येत्या रविवारपर्यंत धर्मगुरूंना कळवा.

आपण थोडे आहोत, म्हणून प्रत्येकाची गरज जास्त आहे. प्रभू येशू आपल्या प्रत्येकाला आपापल्या जागी आणो आणि एकमेकांची जागा ओळखायला शिकवो. आमेन.

आपला,
धर्मगुरू